जुन्या कन्व्हर्ट केलेल्या बंदुकांवरचे विचित्र पार्ट ओळखायचे कसे

जुनी बंदूक हातात आली की काही गोष्टी डोळ्यात खुपतात. लॉकप्लेटवर (हॅमरची यंत्रणा जिच्यावर बसते ती बाजूची पट्टी) एक बुजवलेलं भोक ज्याचा कशाशीच संबंध नाही, लाकडात एक रिकामी खाच, हॅमर (चाप ओढल्यावर ठोका देणारा भाग) उगाच आतल्या बाजूला वाकलेला, नळीच्या तोंडाशी आत एक बारीक गोल रेघ. बरेच जण म्हणतात "कुणीतरी छेडछाड केलीय" आणि विषय संपवतात. पण यातल्या कितीतरी बंदुका सरकारी कारखान्यातच बदललेल्या असतात, आणि त्या काळी हे अगदी रूटीन काम होतं.

आधी हे एवढं का झालं ते बघा, कारण त्यावरच सगळी ओळख अवलंबून आहे. १८०७ मध्ये फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं, पुढे ती दारू भरलेल्या तांब्याच्या टोप्या आल्या आणि ठिणगी पाडणाऱ्या गारगोटीच्या बंदुका एकदम जुन्या झाल्या. मग ३ जुलै १८६६ ला क्योनिगग्रेट्झच्या लढाईत प्रशियाच्या सैनिकांनी मागून भरायच्या रायफलींनी ऑस्ट्रियाला झोडपलं आणि सगळ्या युरोपची झोप उडाली, कारण प्रत्येकाच्या गोदामात लाखांनी ठासणीच्या (नळीच्या तोंडातून भरायच्या) रायफली पडून होत्या. नव्या बनवायला ना वेळ ना पैसा, म्हणून आहे त्याच कापा, जोडा, वापरा. त्यानंतर काडतूस बदललं, दारू बदलली, मॅगझिन आलं, आणि दर वेळी तोच प्रकार.

म्हणजे कन्व्हर्जन हे मुळात काटकसरीचं काम. जेवढं बदलल्याशिवाय चालणारच नाही तेवढंच बदलायचं आणि बाकी तसंच ठेवायचं, त्यामुळे जुन्या रचनेचे अवशेष मागे राहतातच. माझा नियम सोपा आहे, नवा पार्ट कुठला ते नंतर बघा, आधी असा भाग शोधा ज्याला आता काहीच काम नाही. नवा पार्ट नंतर कुणीही बसवू शकतो, पण बिनकामाची खाच मुद्दाम कोण कशाला करेल? (खोटं बनवणारे करतात, त्यांच्याकडे नंतर येतो.)

पहिली पायरी : भरलेली नाही ना ते बघणे

हे वगळायचं नाही, कंटाळा आला तरी. ठासणीची बंदूक शंभर-दीडशे वर्षं भिंतीवर बार भरलेल्या अवस्थेत टांगलेली असू शकते आणि काळी दारू कोरडी राहिली तर इतक्या वर्षांनीही पेटते. निपलवर (टोपी बसते ते बारीक नळकांडं) टोपी नसली तरी हॅमर अर्ध्यावर असेल तर तो तसाच राहू द्या, चाप ओढून बघू नका. नळीचं तोंड कुणाकडेही नाही असं धरून एक सरळ लाकडी काठी हळूच आत सोडा, तोंडापाशी खूण करा, मग तीच काठी बाहेरून नळीशेजारी धरा. काठीचं टोक निपलच्या किंवा रंजकाच्या भोकाच्या (जिथून ठिणगी आत जाते) जवळपास पोचलं पाहिजे. दोन-तीन इंच अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे असंच धरा, स्वतः काढायला जाऊ नका, जाणकार गनस्मिथला किंवा पोलिसांना बोलवा. मागून भरायच्या बंदुकीत चेंबर (काडतूस बसतं ती जागा) उघडून बघायचं आणि मॅगझिन असेल तर तेही. रिव्हॉल्व्हरची सगळी घरं बघायची, पुढून पण आणि मागून पण.

आणि ओळख पटली म्हणजे ती उडवायला मोकळी असा अर्थ नाही. काळ्या दारूसाठी बनलेल्या ॲक्शनमध्ये (नळी मागून बंद करणारी यंत्रणा) नंतर जास्त दाबाचं काडतूस घातलेली कन्व्हर्जन्स पुष्कळ आहेत, खाली एक येईलच. कागदपत्रं, परवाना, प्राचीन वस्तूचे नियम हे तुमच्या इथले काय आहेत ते हात लावायच्या आधीच बघून घ्या. एखादी बंदूक वेल्डिंग करून निकामी केलेली दिसली तर ते वेल्डिंग पण एक नोंद करायची गोष्ट आहे, उकलायची नाही.

दुसरी पायरी : साफ न करता बघणे

तेलाचा हात, पॉलिश पेपर, गंज काढायचं केमिकल यातलं काही नको. दोन धातूंचा रंग वेगवेगळा चढलेला असतो आणि तोच आपला पुरावा, तो घासून टाकलात तर उरतं काय. लागतं काय तर दहापट भिंग, व्हर्नियर कॅलिपर, नळीत घालायचा छोटा लाईट, एक लहानसं चुंबक आणि बाजूने प्रकाश पाडता येईल असा टॉर्च. प्रकाश समोरून टाकू नका, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर टाका, मग बुजवलेली भोकं, खोडलेले नंबर, घासून खोलगट झालेली जागा हे सगळं सावलीत उठून दिसतं. दोन लोखंडी तुकडे वितळलेल्या पितळेने ब्रेझ करून (झाळून) जोडले असतील तर सांध्यावर केसाएवढी पिवळसर रेघ दिसते. पितळेचा पार्ट वरून काळा पडला असेल तर चुंबक लगेच सांगतं.

स्क्रूच्या खाचा पण बघा. सगळे स्क्रू सारखे झिजलेले आणि एकच कोरा, किंवा खाचेची रुंदी वेगळी, तर तिथे नंतर काहीतरी झालंय. पण एका स्क्रूवरून निकाल देऊ नका, स्क्रू हरवतात, बदलतात.

तिसरी पायरी : गारगोटीवरून टोपीवर

ही सगळ्यात जास्त सापडणारी कन्व्हर्जन्स, आणि ओळखायला त्यातल्या त्यात सोपी. गारगोटीच्या लॉकवर रंजकाची वाटी असते, तिच्यावर झाकणासारखं पोलाद ज्यावर गारगोटी घासते, आणि त्या पोलादाची बाहेरून बसवलेली स्प्रिंग. टोपीवर नेताना हे तिन्ही जातं. मागे राहतात त्यांच्या स्क्रूची भोकं, बहुतेक वेळा खिळा ठोकून बुजवलेली आणि वरून फाईल मारलेली, आणि लॉकप्लेटच्या वरच्या कडेला वाटीची खाच. वाटी पितळेची असेल तर कापून उरलेला पितळेचा तुकडा तिथेच सोडून दिलेला असतो, लोखंडी प्लेटमध्ये पिवळा ठिपका. नवीन माणूस याला सजावट समजतो.

आता निपल कुठे बसवलंय ते बघायचं, तीन मुख्य पद्धती होत्या. पहिली ड्रमची, म्हणजे रंजकाचं भोक मोठं करून आटे पाडले आणि त्यात बाजूने एक छोटा दंडगोल फिरवून बसवला, त्याच्यावर निपल. स्वस्त, पटकन होणारी, गावोगावच्या कारागिरांची आवडती. दुसरीत जुनं भोक बुजवून निपल थेट नळीच्या वरच्या अंगात बसवलं, अमेरिकेत १८१६ मॉडेलच्या मस्केटींवर (गुळगुळीत नळीच्या बंदुका) सरकारी आर्सेनलांनी (शस्त्रांचे कारखाने) ही भरपूर केली. निपल मध्याकडे सरकल्यामुळे हॅमर चांगलाच आतल्या बाजूला वाकवावा लागतो, सुरुवातीला म्हटलं तो वाकडा हॅमर हाच. तिसरीत नळीचा मागचा भागच कापून त्या जागी नवा ब्रीचचा (नळीच्या मागच्या टोकाचा) तुकडा लावला ज्याला निपलचा उंचवटा अंगचाच आहे. इथे नळीवर आडवा सांधा शोधा, खालच्या बाजूने, कारण वरून तो छान घासून मिटवलेला असतो.

भारतात तोड्याच्या बंदुकांवर पण असं झालंय, तिथे तोडा धरणारा नाग लाकडातल्या एका उभ्या चिरेतून वर यायचा. टोपीचा हॅमर बाजूला लागल्यावर ती चीर रिकामी राहते किंवा लाकडाची पट्टी घालून बुजवतात. चीर दिसली की खात्री झाली.

उलटा प्रकार पण असतो आणि तो जास्त त्रासदायक. गारगोटीच्या बंदुकीला बाजारात भाव जास्त, म्हणून टोपीवर नेलेली बंदूक कुणीतरी परत गारगोटीवर आणतं. नळीत लाईट टाकून रंजकाच्या भोकाच्या आतल्या बाजूला बघा, मोठ्या ड्रमच्या आट्यांचं गोल वर्तुळ किंवा वेल्डचा डाग दिसतो. खऱ्या, वापरलेल्या गारगोटीच्या बंदुकीत भोकाभोवती नळीला खड्डे पडलेले असतात आणि शेजारचं लाकूड पण जळाल्यासारखं काळवंडलेलं असतं. वाटी चकाचक, भोकाच्या कडा धारदार आणि बाकी बंदूक दोनशे वर्षांची, हे जुळत नाही.

चौथी पायरी : ठासणीवरून मागून भरायची

इथे मजा आहे. स्नायडर-एनफिल्ड घ्या. १८५३ पॅटर्नची .577 (इंचातलं नळीचं माप) एनफिल्ड, तिच्या नळीचा मागचा सुमारे अडीच इंच भाग कापला आणि तिथे आटे पाडून नवा रिसीव्हर बसवला, ज्यातला ब्लॉक उजवीकडे उघडतो. ब्रिटिशांनी ही १८६६ मध्ये स्वीकारली. म्हणून लॉकप्लेटवर १८५९ किंवा १८६२ आणि ॲक्शन मात्र स्नायडरची, हे बघून घाबरू नका, उलट तसंच असायला हवं. विचित्र वाटणारा पार्ट म्हणजे निपल, काडतुसाच्या बंदुकीवर निपल कशाला? तर हॅमर अजूनही निपलवरच आपटतो, फक्त त्याच्याखाली तिरका स्ट्रायकर आहे जो काडतुसाच्या बुडावर जाऊन लागतो. जुना हॅमर वापरता यावा म्हणून केलेली युक्ती. स्नायडरच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे मार्क तीनमध्ये, ब्लॉक बंद धरायला स्प्रिंगचा लॅच आला आणि ही बंदूक मुळातच स्नायडर म्हणून नव्या पोलादी नळीवर बनली, नळीवर इंग्रजीत "स्टील" असा शिक्का असतो. म्हणजे लॅचवाल्या बंदुकीवर लॉकप्लेट १८५८ ची असेल तर आता प्रश्न विचारायला जागा आहे.

अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यातल्या ॲलिनने दुसरी वाट धरली. नळीचा मागचा भाग वरून कोरून काढला आणि पुढे बिजागरी असलेलं झाकण बसवलं. १८६६ च्या मॉडेलात .58 ची नळी आतून मोठी करून त्यात .50 ची नळी घालून ब्रेझ केली. नळीच्या तोंडावर भिंगाने बघा, भिंतीच्या जाडीत एक एकसारखं वर्तुळ दिसतं. ही रेघ म्हणजे लायनर, आणि लायनर दिसला की प्रश्न एकच, कॅलिबर (नळीच्या आतलं माप) का कमी केलं?

इटलीच्या वेट्टर्ली रायफलीत त्याचं उत्तर पुढे येतं. १८७० ची 10.4 मिलीमीटरची सिंगल शॉट, १८८७ मध्ये तिला व्हिटाली मॅगझिन लावलं, आणि पहिल्या महायुद्धात रायफली कमी पडल्या तेव्हा नळीत लायनर घालून ती 6.5 मिलीमीटरची केली आणि कारकानोच्या पद्धतीचं मॅगझिन बसवलं. एकाच बंदुकीत तीन काळ, नाव पण १८७०/८७/१५ असंच. काळ्या दारूच्या ॲक्शनमध्ये बिनधुराच्या दारूचं काडतूस म्हणतात ते हेच, ही उडवायची नाही, भिंतीवर छान दिसते.

बाकीच्यांनी पण आपापल्या परीने तेच केलं. ऑस्ट्रियाने लोरेंत्स रायफलीवर वेंत्सलचं वर उघडणारं झाकण बसवलं, बेल्जियमने आल्बिनी, रशियाने क्रिन्का, फ्रान्सने तबातिएर, ज्याचा ब्लॉक तपकिरीच्या डबीसारखा बाजूला उघडतो म्हणून ते नाव. आल्बिनीत हॅमरला एक दांडी जोडलेली असते जी मागून ब्लॉकमध्ये शिरते आणि त्याला लॉक पण करते, सुटी बघितली तर कुणालाही वाटेल तुटलेला तुकडा आहे. फ्रान्सची शास्पो सुईची रायफल कागदी काडतुसावर चालायची, तिला १८७४ नंतर ग्रासच्या धातूच्या काडतुसावर नेलं, आणि रिसीव्हरवर "१८६६-७४" असं स्वच्छ कोरलं. तिथे "एम ८०" असा शिक्का पण दिसला तर १८८० चा गॅस बाहेर जायला केलेला बदल, त्याची खाच रिसीव्हरच्या आत डाव्या बाजूला सापडते.

पाचवी पायरी : रिव्हॉल्व्हर

इथे पेटंटचा इतिहास माहीत नसेल तर पार्ट कळतच नाहीत. आरपार भोकांचा सिलिंडर (गोळ्यांची घरं असलेला फिरता भाग), ज्यात मागून काडतूस घालता येतं, याचं रोलिन व्हाइटचं पेटंट ३ एप्रिल १८५५ चं आणि ते स्मिथ अँड वेसन कंपनीकडे. १८६९ पर्यंत कोल्ट कंपनीला ते वापरता येईना. म्हणून थ्युअर कन्व्हर्जन आलं, जिथे निमुळतं काडतूस पुढूनच घालायचं, आणि सिलिंडरच्या मागे एक फिरणारी रिंग जिच्यावर १५ सप्टेंबर १८६८ ची पेटंटची तारीख आणि एक "ई" अक्षर. रिंग त्या खुणेवर आणली की हॅमरच्या ठोक्याने काडतूस पुढे उडून बाहेर. हा पार्ट एकटा सापडला तर कुणाला काय कळणार?

पेटंट संपल्यावर रिचर्ड्स कन्व्हर्जन. कोल्टच्या १८६० आर्मी मॉडेलच्या फ्रेममध्ये मागे एक जाड प्लेट बसते, तिच्यावरच मागची साईट आणि तिच्यातच फायरिंग पिन, हॅमरचं तोंड सपाट. रिचर्ड्स-मेसनमध्ये प्लेटवर साईट नाही, पिन हॅमरवर आली आणि साईटची खाच पण हॅमरवर. दोघांतला फरक एवढ्यात कळतो. आणि बिनकामाचा भाग? नळीखालची जुनी गजाच्या लिव्हरची खाच, जिच्यात आता इजेक्टरचा भाग बसवलेला असतो, आणि उजव्या ढालीला काडतूस घालायला पाडलेला कट. रेमिंग्टनने रॉयल्टी भरून १८६८ पासूनच साधारण साडेचार हजार न्यू मॉडेल आर्मी रिव्हॉल्व्हर .46 रिमफायरवर (बुडाच्या कडेवर ठोका लागून पेटणारं काडतूस) नेल्या, फ्रेम सहा गोळ्यांची पण सिलिंडर पाच घरांचा. पाच घरं मोजली की अर्धं काम झालं.

नंबर जुळवा, फ्रेम, ट्रिगर गार्ड, नळी, बट. कोल्टच्या काही कन्व्हर्जन्सवर दुसरा नंबरही असतो, त्यामुळे दोन नंबर दिसले की लगेच बनावट ठरवू नका.

सहावी पायरी : बोल्टच्या रायफली

इथे बदल लहान पण संख्येने पुष्कळ. लांब ली-एनफिल्डवर नंतर रिव्हेट केलेला चार्जरचा (गोळ्यांची पट्टी टेकवायचा) पूल, एसएमएलईच्या (आखूड ली-एनफिल्ड) सॉकेटवर (दस्ता बसतो ती खोबण) "कंड" असा शिक्का म्हणजे कन्व्हर्टेड. मार्टिनी-हेन्रीवर "एम ई" म्हणजे ती मार्टिनी-एनफिल्ड, .303 वर नेलेली. जर्मन गेवेअर ८८ वर चेंबरच्या वर "एस" म्हणजे नवीन टोकदार गोळीच्या काडतुसासाठी बदल, आणि ८८/०५ वर स्ट्रिपर क्लिपचे (गोळ्या एकदम भरायची पट्टी) गाईड वरून जोडलेले, डावीकडे अंगठ्यासाठी खाच, आणि मॅगझिनच्या बुडाला जिथून जुनी क्लिप खाली पडायची ते भोक पत्र्याने झाकलेलं.

एसएमएलई उघडली आणि मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा दिसला, नळी आतून गुळगुळीत, तर ती इशापूरची .410 सिंगल शॉट मस्केट, पोलिसांसाठी केलेली. त्याच्याही आधी, १८५७ नंतर, देशी पलटणींच्या एनफिल्ड रायफलींची रायफलिंग (नळीतल्या पिळाच्या खाचा) मुद्दाम कापून काढली होती म्हणजे नेम लांबवर लागू नये. त्या १८५८ पॅटर्नच्या बंदुकीची ओळख म्हणजे तोंडाशी नळीची भिंत विचित्र पातळ, आणि मागच्या साईटचा पाया आहे पण वरची पट्टीच नाही. साईटची पट्टी "हरवली" समजून दुसरी शोधत बसणारे लोक आहेत!

सातवी पायरी : शिक्के एकमेकांशी ताडून बघणे

प्रत्येक शिक्का वेगळा लिहा, कुठल्या पार्टवर आहे ते पण. ब्रिटिश पद्धतीत जुना शिक्का पुसत नाहीत, त्याच्यावर आडवी रेघ मारतात. सरकारी मालाचे दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारने ती विकून टाकलेली. बेल्जियमचा नळी तपासल्याचा अंडाकृती "ईएलजी" शिक्का मुकुटाशिवाय असेल तर १८९३ च्या आधीचा, मुकुटासकट असेल तर नंतरचा. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली, म्हणून "व्हीआर" आणि खाली १९०३ असं काही दिसलं, किंवा इंग्रजी अक्षर उलटं कोरलेलं, तर खैबर खिंडीच्या कारागिरांनी केलेली नक्कल. ते पण गोळा करण्यासारखं आहे म्हणा, फक्त ते काय आहे ते माहीत असावं.

नव्या प्रतिकृतीला जुनं रूप देऊन विकतात ते वेगळं. इटालियन प्रतिकृतीवर ताऱ्याखाली "पीएन" हा तपासणीचा शिक्का आणि चौकटीत वर्षाचा कोड असतो, तो घासून काढला तर नळीच्या खालच्या अंगाला हलकी खोलगट जागा राहते. तो तिरका टॉर्च इथे कामाला येतो.

आठवी पायरी : कॅलिबर मोजणे आणि नोंद

नळीवर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, कन्व्हर्जनमध्ये चेंबर बदलतं आणि आकडा तसाच राहतो. चेंबरचा साचा काढायचा असेल तर कमी तापमानाला वितळणारा बिस्मथचा मिश्रधातू मिळतो, साधारण ७० ते ८८ अंश सेल्सियसला वितळतो, थंड झाल्यावर आधी आकसतो आणि मग हळूहळू फुगतो म्हणून माप तासाभरानंतर घ्यायचं. हे गनस्मिथकडूनच करून घेतलेलं बरं, खास करून जिथे चेंबरमध्ये खड्डे आहेत, कारण अडकला तर काढताना नुकसान.

फोटो काढताना पूर्ण बंदुकीचे दोन, मग प्रत्येक विचित्र पार्टचा पट्टी शेजारी ठेवून, आणि लॉक काढता येत असेल तर आतली बाजू आणि लाकडातला त्याचा खड्डा पण. खड्डा सगळ्यात प्रामाणिक असतो कारण तिथे कुणी दिखावा करत नाही. आधीच्या लॉकचा आकार, बुजवलेल्या पट्ट्या, फाईलने मारलेले रोमन आकडे जे जोडणी करणारा आपल्यासाठी मारायचा, सगळं तिथे. हे आकडे लॉकवर एक आणि लाकडात दुसरे असतील तर लॉक दुसऱ्या बंदुकीचं आहे. पण मिश्र पार्टची बंदूक म्हणजे बनावट असंही नाही, आर्सेनलात शेकडो बंदुका एकदम उघडून परत जोडायचे, अदलाबदल तिथेच व्हायची. सांधे स्वच्छ, एकसारखे आणि तपासणीचे शिक्के नव्या पार्टवर पण असतील तर सरकारी काम. सांधा ओबडधोबड पण झीज जुन्या-नव्या दोन्ही भागांवर सारखी, तर त्या काळच्या गावच्या कारागिराचं. झीज जुन्यावरच आणि नवा पार्ट रंग लावून जुना केलेला, तर विकणाऱ्याला पैसे द्यायच्या आधी लॉक काढून दाखव म्हणायचं, आणि तो नाही म्हणाला तर बंदूक तिथेच ठेवायची.